साडेअकरा पौंडांच्या अलीकडे आणि पलीकडे



विद्यार्थिसाहाय्याचा विषय निघाला की, बडोद्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला १९१३ साल आठवल्याखेरीज राहत नाही. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली ती त्या साली. दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करार होता. हे आपणांस पाठ आहे. मला बोलावयाचे आहे ते या रकमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांविषयी.

अलीकडे उभे आहेत कृष्णराव अर्जुन केळुसकर. ते धनिक नव्हते, शाळामास्तर होते. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या मुलाला त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे शिक्षण अडते आहे असे दिसताच महाराजांकडे शब्द टाकला. त्यातून कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मंजूर झाले. दात्याचे दार कोठे आहे हेच गरीब मुलाला ठाऊक नसते. मी स्वतः फीमाफीच्या अर्जासाठी एका कचेरीत गेलो, तेव्हा तेथील कारकुनाने वडिलांचा पगार सर्वांदेखत मोठ्याने वाचला. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. आमच्या गुरुजींनी गुपचूप फी भरली आणि पावती माझ्या वहीत ठेवून दिली.

आता पलीकडे. आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, घर मिळाले नाही. पारशी सराईत उतरले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांचा पैसा न्यूयॉर्कात पुरला. त्यांच्याच राजधानीत एक खोली मिळवून देऊ शकला नाही. आम्हां बडोदेकरांना हे सांगताना आजही मान खाली घालावी लागते.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे १,५०० रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले ५,००० रुपये यांच्या बळावर. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न!

आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी निधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची फी भरतो. दुसऱ्या वर्षी त्या मुलामुलींनी काय करावे, हे विश्वस्तांनी येत्या बैठकीतच ठरवावे, अशी माझी विनंती आहे.