पण लक्षात कोण घेतो?

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची सामाजिक कादंबरी. हरिभाऊंच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती १८९० पासून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली यमुना, म्हणजेच यमू, या कादंबरीत स्वतःची हकीकत स्वतः सांगते. माहेरचा धाक, आईचा मृत्यू, सासर, नवऱ्याबरोबरचा थोडा सुखाचा काळ, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन असा तिचा प्रवास आहे. मराठीत वास्तववादी कादंबरीची पायाभरणी या पुस्तकाने केली असे सामान्यतः मानले जाते.

वाचकांच्या आठवणीत मात्र एकच प्रसंग ठळक राहिला, तो केशवपनाचा. त्यामुळे ही विधवेची कादंबरी म्हणून ओळखली जाते. ते खरे आहे, पण अपुरे. हरिभाऊंनी तिच्यात दोन मैत्रिणींचे दोन संसार शेजारी शेजारी मांडले आहेत. यमूला चांगला नवरा मिळतो आणि तो जातो. तिची बालमैत्रीण दुर्गी हिचा नवरा उनाड, नाकर्ता आणि बायकोला छळणारा आहे, आणि तो जिवंत आहे. लोकांच्या लेखी यमू अभागी आणि दुर्गी सौभाग्यवती. या दोघींकडे एकत्र पाहिल्याशिवाय कादंबरीचा खरा रोख हाती लागत नाही.

यमूची हकीकत लहानपणापासून सुरू होते. वडील करारी आणि रागीट. ते घरी आले की घर गप्प होते. आई सोशीक, आजी मायाळू, आणि थोरला भाऊ हा यमूचा खरा आधार. आईच्या मृत्यूनंतर वडील पुन्हा लग्न करतात आणि यमूचे माहेर उरते ते भावापुरते. आईचा शोक मुलीने करायचा कुठे, हा प्रश्न लेखक कुठेही उघडपणे विचारत नाही. घरातल्या वागण्याबोलण्यातून तो वाचकाला जाणवत राहतो. सासरी एकत्र कुटुंब, सासवांचे राज्य आणि शंकरमामंजींचा वचक. हे मामंजी बाहेर सोवळ्याओवळ्याचे आणि धर्माचे कैवारी, तर वागण्यात लबाड आणि बाहेरख्याली आहेत. मराठी कादंबरीतला हा पहिला पुरता उभा राहिलेला खलपुरुष म्हणावा लागेल. तो दरोडेखोर नाही की मांत्रिक नाही. तो घरातलाच वडीलधारा माणूस आहे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

यमूचा नवरा रघुनाथराव शिकलेला आणि सुधारक विचारांचा आहे. तो तिला वाचायला लावतो, तिच्याशी बोलतो, तिचे मत विचारतो. दोघे मुंबईला बिऱ्हाड करतात तो भाग कादंबरीत सर्वांत मोकळा आहे. स्नेही कुटुंबे, पुस्तके, फिरायला जाणे, नवराबायकोने एकमेकांशी दिवसाउजेडी बोलणे, अशा आज क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी हरिभाऊ सविस्तर रंगवतात. हे रेंगाळणे मला या पुस्तकाचे बळ वाटते. पुढे जे हिरावले जाणार ते किती मोलाचे होते, हे वाचकाला आधीच समजलेले असते. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमू पुन्हा पुण्याच्या घरात मामंजींच्या ताब्यात येते आणि तिच्या मनाविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. तिचे आत्मकथन अकाली मृत्यूपाशी थांबते. पुनर्विवाह नाही, सुटकाही नाही.

या शेवटाचे महत्त्व जाणून घ्यायला बाबा पद्मनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आठवावी लागते. तिच्या नायिकेचे नावही यमुना. तीही सुधारक नवऱ्याबरोबर हिंडते, विधवांची दुर्दशा पाहते आणि पुढे स्वतः विधवा होते. पण पद्मनजी तिला धर्मांतराचा आणि पुनर्विवाहाचा मार्ग देतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे त्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षीचा. तेव्हाची आशा ताजी होती. हरिभाऊंची यमू साडेतीन दशकांनंतर येते, तोवर कायदा होऊनही घर बदललेले नाही हे पुरेसे दिसून चुकले होते. दरम्यान ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्या धर्तीवर अद्भुताच्या आणि इतिहासाच्या कादंबऱ्यांची मराठीत चलती होती. राजवाडा आणि किल्ला सोडून माजघरात शिरायचे धाडस हरिभाऊंनी केले.

ज्या काळात हे प्रकरणाप्रकरणाने वाचले जात होते तो काळ फार तापलेला होता. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला, त्याने मर्यादा दहावरून बारावर गेली, आणि त्यावरून पुण्यात प्रचंड वादंग माजले. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला तो मार्च १८९३ मध्ये. सभांत आणि अग्रलेखांत जे मुद्दे म्हणून मांडले जात होते, ते ‘करमणूक’च्या वाचकांना दर आठवड्याला ओळखीच्या मुलीच्या आयुष्यात घडताना दिसत होते.

दुर्गीच्या बाजूला मात्र एकही सुधारणा उभी नव्हती. विधवेसाठी कायदा झाला, सदन निघाले, चळवळ झाली. छळणाऱ्या नवऱ्याच्या बायकोसाठी काय होते? डॉ. रखमाबाई यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला होता. प्रकरण १८८८ मध्ये पैशावर मिटले, पण निकालातले सूत्र राहिले, की बाई नवऱ्याच्या हक्काची. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग बडोदे संस्थानात १९३१ मध्ये, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये मिळाला. नवऱ्याची आणि सासरची क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा १९८३ मध्ये ठरला. म्हणजे दुर्गीच्या छळाला गुन्हा म्हणून कायद्याच्या पुस्तकात जागा मिळायला नव्वद वर्षे लागली. हरिभाऊंनी तो प्रश्न यमूच्या बरोबरीने ठेवला यात त्यांची दृष्टी समकालीन सुधारकांपेक्षाही पुढची होती.

कादंबरीला मर्यादा आहेत. तिचे जग पुण्याच्या आणि मुंबईच्या ब्राह्मण घरांपलीकडे जात नाही. केशवपन ही प्रामुख्याने ब्राह्मणांतली रूढी. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेला पाट लावता येत असे, पण त्या घरांतली बाई इथे दिसत नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्येच ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. त्या धारेचा संताप हरिभाऊंच्या स्वरात नाही. तिथे करुणा आहे. काही ठिकाणी पाल्हाळही आहे, जे साप्ताहिकातून लिहिण्याचे फळ. पुरुषाने स्त्रीच्या तोंडून बोलावे का, हा आक्षेपही घेता येईल. त्याला उत्तर यमूच्या भाषेत आहे. ती पुण्याच्या माजघरातली बोली आहे. कानिटकर दांपत्याशी हरिभाऊंचा स्नेह होता आणि काशीबाई कानिटकर स्वतः कादंबरीकार होत्या. शिकणाऱ्या स्त्रीचे मन हरिभाऊंना जवळून पाहायला मिळाले होते. पुढे स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या हकीकती आल्या. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) वाचली की यमूचे दुःख कल्पनेचे नव्हते याची खात्री पटते.

दूरच्या समाजातही वैधव्य आणि नवऱ्याचा जाच यांची हीच गाठ वेगळ्या धाग्यांनी बसलेली दिसते. नायजेरियातल्या इग्बो समाजात विधवेचे डोके भादरण्याची प्रथा शोकविधीचा भाग होती. त्या समाजातून आलेल्या फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’ (१९६६) मध्ये नवऱ्याने टाकणे आणि मूल गमावणे एकत्र येते. चिमामांडा न्गोझी अडीची यांच्या ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) मध्ये काम्बिली ही मुलगी आपल्या घराची हकीकत सांगते. तिचा बाप चर्चमधला मान्यवर, दानशूर माणूस आहे आणि घरात बायकोमुलांना मारतो. बापाच्या पावलांची चाहूल लागताच गप्प होणारे ते घर आणि यमूचे माहेर यांत शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरी दोन्ही कादंबऱ्यांत धर्मनिष्ठेची प्रतिष्ठा छळणाऱ्याच्या पाठीशी उभी राहते, आणि दोन्ही लेखकांनी साक्ष द्यायला मुलीलाच निवडले आहे.

महाराष्ट्रात यमूचा प्रश्न सक्तीच्या मुंडणाच्या रूपात मागे पडला, पण संपला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. दुर्गीच्या वाट्याचे काम बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला डॉ. शैला लोहिया यांनी उभ्या केलेल्या मनस्विनी महिला प्रकल्पाने केले. नवऱ्याने टाकलेल्या आणि मार खाऊन बाहेर पडलेल्या बायांना तिथे आधार मिळाला. शैलाताई लेखिकाही होत्या, आणि मराठवाड्यातल्या ज्या बायांसाठी त्या झटल्या त्या हरिभाऊंच्या कादंबरीत न आलेल्या घरांतल्या होत्या.

हरिभाऊ स्वतः या विषयाकडे लगेच परतले. ‘करमणूक’मधूनच आलेल्या ‘मी’ या कादंबरीत नायकाची बहीण ताई व्यसनी नवऱ्याच्या हाती पडते. ती मात्र त्या घरातून बाहेर पडते, शिकते आणि लोकसेवेच्या कामाकडे वळते. दुर्गीला जे सुचले नाही आणि कोणी सुचू दिले नाही, ते हरिभाऊंनी ताईकडून करवून घेतले.