मिनीला कूपर का लागला?

स्वस्तातली गाडी घेऊन ती गॅरेजमध्ये वेगवान करून घ्यायची, की जास्त पैसे मोजून कंपनीनेच बनवलेलं वेगवान मॉडेल घ्यायचं? गाड्यांचं वेड असलेल्या मित्रांमध्ये हा वाद कधी संपत नाही. बहुतेक वेळा तो दोनच आकड्यांवर अडकतो: किंमत आणि हॉर्सपॉवर. साठेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका चिमुकल्या गाडीने हाच प्रश्न उभा केला होता. तिची गोष्ट बघितली तर कळतं, की खरा मुद्दा या दोन आकड्यांच्या बाहेर आहे.

१९५६ च्या सुवेझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कमी पेट्रोलमध्ये चार माणसांना नेणारी छोटी गाडी हवी, म्हणून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिसला कामाला लावलं. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घातला आणि चाकं पार चार कोपऱ्यांत ढकलली. सुरुवातीच्या नमुन्यात ९४८ सीसीचं इंजिन होतं. गाडी गरजेपेक्षा जास्तच पळते आहे असं दिसल्यावर कंपनीने ते ८४८ सीसीवर आणलं. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी बाजारात आली, ३४ हॉर्सपॉवरची. किंमत करांसह सुमारे ४९७ पौंड.

म्हणजे वेग तिच्या अंगातच होता, फक्त दाबून ठेवलेला. तो बाहेर काढणारे लोक लगेच पुढे आले. विल्टशरमधल्या डाउनटन गावात डॅनियल रिचमंड मिनीचं सिलिंडर हेड असं काही घडवायचा, की त्याच इंजिनातून वेगळीच गाडी निघायची. दुसरा माणूस जॉन कूपर. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याच्या कंपनीने फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद जिंकलं होतं. मिनी वळणावर कशी चिकटून जाते हे त्याने ओळखलं. इसिगोनिसला मात्र आपली लोकांसाठी केलेली गाडी रेसिंगवाल्यांच्या हाती द्यायची फारशी इच्छा नव्हती. कूपर थेट कंपनीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांच्याकडे गेला आणि परवानगी घेऊन आला.

१९६१ मध्ये मिनी कूपर आली. इंजिन ९९७ सीसी, दोन कार्ब्युरेटर, ५५ हॉर्सपॉवर. किंमत सुमारे ६८० पौंड, साध्या मिनीच्या मूळ किमतीपेक्षा जवळपास १८० पौंड जास्त. एवढ्या पैशांत गॅरेजमध्ये बरंच काही करून घेता आलं असतं. पण कूपरमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही होते. ड्रम ब्रेक ३४ हॉर्सपॉवरसाठी बसवलेले होते, ५५ साठी नाही.

आणि तेही पुरेसे ठरले नाहीत. १९६३ च्या कूपर एसमध्ये ताकद ७० हॉर्सपॉवरवर गेली, तेव्हा डिस्क मोठ्या केल्या, ब्रेकला सर्वो दिला आणि क्रँकशाफ्टसाठी जास्त मजबूत पोलाद वापरलं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. एक फंक्शन फास्ट केलं की अडथळा नाहीसा होत नाही, पुढच्या फंक्शनवर जाऊन बसतो. गाडीत तो पुढचा अडथळा म्हणजे ब्रेक असतील, तर त्याचा शोध थेट वळणावर लागतो.

याच कूपर एसने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिल्या तीन मिनीच आल्या होत्या, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद केलं गेलं.

यावरून कंपनीचीच गाडी घ्यावी, असा सरळ निष्कर्ष मात्र निघत नाही. गॅरेजवाल्यांनी आधी वाट दाखवली नसती, तर कंपनीला ती सुचली असती का? डाउनटनच्या रिचमंडला तर कंपनीने स्वतःचा सल्लागार म्हणून घेतलं. पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश लेलँडने कूपरशी असलेला करार संपवला आणि ते नाव कारखान्यातून गेलं. ते परत आलं तेही गॅरेजच्याच दारातून. जॉन कूपरच्या गॅरेजने मिनीसाठी ताकद वाढवणारे किट विकायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये रोव्हरने मिनी कूपर पुन्हा बाजारात आणली. बीएमडब्ल्यूच्या नव्या मिनीचंही तेच झालं. आधी जॉन कूपर वर्क्सचं किट आलं, जे डीलर बसवून द्यायचे. २००८ मध्ये त्याच नावाची गाडी थेट कारखान्यातून बाहेर पडली.

म्हणजे आजचं वेगवान मॉडेल हे बऱ्याचदा कालचं मॉडिफिकेशनच असतं. फरक इतकाच, की मधल्या काळात कुणीतरी ब्रेक, क्रँकशाफ्ट आणि वॉरंटी यांची जबाबदारी अंगावर घेतलेली असते. जास्तीचे पैसे त्या जबाबदारीचे. गॅरेजचा रस्ता निवडला तर पैसे वाचतात, हवं तेवढंच हवं तेव्हा करता येतं, पण ती जबाबदारी आपल्याकडे येते. ती पेलायची तयारी असेल तर खुशाल निवडावा. फक्त खर्चाच्या यादीत इंजिनाच्या वर ब्रेक लिहावेत.