इंजिन बदलले, नोंद राहिली

आमच्या जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर गणेशगुडी येथे धरण बांधले गेले, १९८७ साली ते पूर्ण झाले आणि मूळ सुपा गाव जलाशयाच्या पोटात गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, विस्थापितांची घरे रामनगरास वसली. गाव असे नाहीसे झाले, तरी २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत तालुक्याचे नाव सुपा असेच छापले गेले. वस्तुस्थिती पुढे जाते आणि कागद मागे राहतो, याचा अनुभव आपल्या जुन्या घराण्यांना नवा नाही. वडील वारले तरी उताऱ्यावर आजोबांचेच नाव, आणि फेरफार करायचा राहून गेला म्हणून दोन पिढ्यांचे भांडण, अशी उदाहरणे प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका राहून गेलेल्या फेरफाराची हकीकत सांगणार आहोत. मात्र तो जमिनीचा नसून जीपगाडीच्या इंजिनाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाने जीप जगभर पोचवली. १९४७ पासून महिंद्र कंपनीने आपल्या देशात विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे भाग येथेच घडू लागले. कुंभारवाडा, डिग्गी, उळवी, अणमोड या बाजूच्या वाटा पाहिलेल्यांना ही गाडी आमच्याकडे का रुजली हे निराळे सांगावयास नको. चिखल, ओढे, चढ आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस यांत तिच्यावाचून दुसरे वाहन टिकत नसे. सुपारीची पोती, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सारे तिच्यातूनच जाई. वाडीतील एका घरी जीप असली की ती साऱ्या वाडीची असे.

या जुन्या जीपला पेट्रोलचे २१९९ सीसीचे 'हरिकेन' इंजिन असे. ते दणकट खरे, पण पेट्रोल पिण्यातही तितकेच जबर. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल कडाडले आणि सरकारी धोरणाने डिझेल मात्र पुष्कळ स्वस्त राखले गेले. ऐंशीच्या दशकात महिंद्रच्या जीपगाड्यांत प्यूजो पद्धतीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन येऊ लागले, तेव्हा जुन्या गाडीत नवे इंजिन बसवण्याची कल्पना मिस्त्री मंडळींना सुचली नसती तरच नवल. सांगाडा त्याच घराण्यातला, इंजिनेही जवळजवळ एकाच आकारमानाची. माउंटिंग थोडे इकडेतिकडे करावयाचे, गिअरबॉक्सशी जोड जमवावयाची, की काम झाले. अँबॅसडर आणि फियाटच्या मालकांनीही हेच केले. अपघातात चेपलेल्या गाडीचे चांगले इंजिन काढून दुसऱ्या तशाच गाडीत घालणे ही काटकसरी माणसाची रीतच होती. मुंबईच्या कुर्ल्यातील भंगार बाजार अशाच गिऱ्हाइकांवर चालत असे.

यात गैर काही नव्हते, हे आम्ही प्रथमच नमूद करतो. कायद्यानेही इंजिन बदलणे हा गुन्हा मानला नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३२ मध्ये वाहनातील बदल नोंदवण्याची तरतूद होती. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्यात कलम ५२ आले. गाडीच्या नोंदणीपुस्तकातील तपशील खोटा ठरेल असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून करू नये, आणि झालेला बदल चौदा दिवसांत कळवून पुस्तकात चढवून घ्यावा, असे त्याचे सार होते. नोंदणीपुस्तकात दोन क्रमांक असतात, एक चॅसिसचा व दुसरा इंजिनाचा. चॅसिस म्हणजे गाडीची जन्मखूण, ती बदलत नाही. इंजिन बदलू शकते, म्हणूनच त्याचा फेरफार लागतो. इंजिन दुसऱ्या गाडीचे असेल तर तिच्याही मालकाचे एक कर्तव्य असते. गाडी कायमची मोडीत निघाल्यास कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत तसे कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. असे केले नाही तर एकच इंजिन सरकारदरबारी दोन गाड्यांत धावत राहते.

विम्याचा संबंध येथे येतो. आपल्या देशात मोटारीचा त्रयस्थ विमा १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. रस्त्यावरील तिऱ्हाईत माणसास गाडीने इजा झाली, तर मालक दरिद्री असला तरी त्या माणसाच्या हाती भरपाई पडावी, हा त्यामागील हेतू. म्हणूनच या बाबतीत विमा कंपनीस नाही म्हणण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत. कंपनीने आधी पीडितास पैसे द्यावेत व मालकाचा दोष असल्यास मागाहून त्याच्याकडून वसूल करावेत, अशी वाट न्यायालये पुष्कळदा दाखवतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र निव्वळ करार आहे, आणि करार उभा असतो खऱ्या माहितीवर. पॉलिसीत एका इंजिनाचा क्रमांक आणि बॉनेटखाली दुसराच, असे सर्वेक्षकास आढळले की कंपनी विचारते, आम्ही ज्या गाडीचा विमा उतरवला ती हीच कशावरून?

आता हकीकत. आमच्या तालुक्यातील एका जुन्या मराठी घराण्याशी आमचा घरोबा. कर्ते गृहस्थ आम्हांस वडीलबंधूंसारखे, आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी १९९७ साली आपल्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. इंजिन त्याच कंपनीच्या, घाटात उलटलेल्या जीपचे. मिस्त्रीचे काम उत्तम झाले, आणि डिझेलच्या त्या आवाजाचे दादांना कोण कौतुक! त्या दिवाळीत आम्ही सुट्टीवर गेलो असता त्यांनी आम्हांस विचारले, "तू सरकारी माणूस आहेस. ह्याचे कागद काही करायला हवेत का रे?"

आम्ही उत्तर दिले, "करायला हवेत, पण घाई कसली, दादा? गाडी आपली, इंजिनाची पावती आपल्याकडे. कधी कारवारास गेलात की चढवून घ्या."

हे वाक्य आम्हांस आजही बोचते. आमचे खाते वेगळे होते ही सबब आहे, पण ती पुरेशी नाही. आमच्यासारख्याच्या तोंडून 'घाई कसली' ऐकल्यावर दादांनी तो विषय मनातून काढून टाकला.

१९९९ च्या पावसाळ्यात उतारावर जीप घसरली. वाटेने जाणाऱ्या एका मजुराचा पाय मोडला आणि गाडी खाली झाडांत जाऊन तिचा चुराडा झाला. मजुरास न्यायाधिकरणाच्या हुकुमाने विमा कंपनीकडून भरपाई मिळाली, आणि त्याचा दादांना खरोखर आनंद झाला. त्यांच्या स्वतःच्या दाव्यावर मात्र नकार आला. इंजिन क्रमांक जुळत नाही, परवानगीवाचून बदल केला आहे, महत्त्वाची माहिती कळवलेली नाही, ही कारणे. एवढ्यावर भागले नाही. त्या इंजिनाच्या मूळ गाडीची नोंदणी कोणी रद्द केलेली नव्हती, त्यामुळे इंजिन आले कोठून, असा प्रश्न पोलिसांनी विचारला. भंगारवाल्याची पावती साध्या कागदावर, आणि त्याचे दुकान तोवर उठून गेलेले. पुढे चौकशीत काही निष्पन्न झाले नाही; पण चार पिढ्यांत ज्या घराचे नाव कोणी वाकडे घेतले नव्हते, त्या घराच्या कर्त्याला ठाण्यात बाकावर बसावे लागले. दुसरी गाडी घेण्यासाठी सुपारीच्या बागेचा एक तुकडा विकला गेला. दादा आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच अधिक जड वाटले.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने कागदांची ती पिशवी आमच्यापुढे ठेवली. ती चाळताना एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही सुन्न झालो. खासगी मोटारींच्या विम्यात इंजिनाच्या क्षमतेनुसार वर्ग पाडण्याची पद्धत आहे. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकात १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० आणि १५०० च्या वर असे तीन वर्ग होते. त्रयस्थ विम्याचे दर आजही याच वर्गांवर ठरतात. जुने इंजिन २१९९ सीसीचे, नवे २११२ चे, म्हणजे दोन्ही वरच्याच वर्गातली. बदल कळवला असता तर त्यापायी विम्याचा वर्ग चढला नसता. न कळवल्याने दादांचा एक पैसाही वाचला नव्हता. त्यांनी काहीही लपवले नव्हते, फक्त सांगायचे राहिले होते. आणि हा भेद कागदाला वाचता येत नाही.

त्यानंतर कायदा अधिक कडक झाला. २००० सालच्या दुरुस्तीने, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यासारखे अपवाद तेवढे ठेवले. म्हणजे १९९७ साली दादांना जी परवानगी मागता आली असती, तिची वाट तीन वर्षांतच अरुंद झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दुसरीकडे न्यायालये मालकाबाबत अगदीच कठोर राहिली नाहीत. खासगी गाडी भाड्याने चालवल्याच्या प्रकरणांत २००८ व २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दावा समूळ न फेटाळता पंचाहत्तर टक्के रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला. ते खटले इंजिनाचे नव्हते, आणि दादांच्या प्रकरणाला तर फारच उशीर झाला होता.

आता पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावातील ती जुनी दरी राहिली नाही, आणि नव्या गाड्यांची इंजिने संगणकाशी अशी बांधलेली असतात की साध्या मिस्त्रीला ती बदलणे जमत नाही. तरीही पुराचे पाणी शिरून इंजिन निकामी होणे आमच्याकडे नवलाचे नाही. अशा वेळी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन घालताना आधी नोंदणी कार्यालयाची परवानगी घ्यावी, इंजिनाचे पक्के बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्यावा, निरीक्षकाकडून तपासणी करून नवा क्रमांक नोंदणीपत्रात चढवावा, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीस लेखी कळवून पॉलिसीवर दुरुस्तीची पुरवणी घ्यावी. पूर्वी यासाठी कारवार गाठावे लागे. आता दांडेलीस कार्यालय आहे आणि के.ए. ६५ ही आपल्याच बाजूची खूण झाली आहे.

दादा आज हयात नाहीत. त्यांच्या मुलाने गेल्या वर्षी जुनी गाडी विकत घेतली, तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्याने बॉनेट उघडून, चिंधीने तेल पुसून, इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्राशी अंक न् अंक ताडून पाहिला. आम्ही शेजारी उभे होतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही वाचा, मी बघतो." आम्ही चष्मा लावला आणि एकेक अंक मोठ्याने वाचला.