सोऱ्याची दुसरी नोकरी

राजस्थानच्या पोस्टिंगमध्ये धुळीचे वादळ उठले, की मला अमेरिकेतल्या फोर्ट हेजचा इतिहास आठवतो. कॅन्ससमधल्या या लष्करी ठाण्याने रेल्वेला संरक्षण दिले. रेल्वेमागून नांगर आले. १८८९ मध्ये फौज गेली, पुढे तिथे शेती संशोधन केंद्र झाले. १९३०च्या दशकात दुष्काळात नांगरलेली माती उडू लागली आणि मूळच्या बफेलो गवताची किंमत कळली. त्याचे बी कठीण बोंडात झोपलेले असते. हिवाळ्यात पेरले, तर ओल्या थंडीने झोप मोडते आणि जमीन तापल्यावर कोंब फुटतो. वसंतात पेरायचे, तर केंद्राची युक्ती वेगळी: बी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून काही आठवडे गारठ्यात ठेवायचे. सोरा, म्हणजे आपल्या जुन्या तोफांच्या दारूतला मुख्य घटक! जुन्या ठाण्याच्या जमिनीवर त्याला माती राखण्याचे काम मिळाले.