तालुक्याच्या ठाण्यातला आकडा

वर्षाअखेरीस तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा ताळेबंद वर्तमानपत्रात येतो. घरफोड्या वाढल्या, जुगाराचे गुन्हे घटले, अशा दोन-चार ओळींवरून आपण गावाची चालचलणूक ठरवून मोकळे होतो. या घाईला माझा आक्षेप आहे. सरकारने त्या काळी कशाला गुन्हा म्हटले, पोलिसांना कुणामागे धाडले आणि ठाण्याची पायरी चढायची हिंमत कुणाला झाली, हे गुन्हे रजिस्टरातून जितके कळते तितके गावात प्रत्यक्ष काय घडले हे कळत नाही. महाराष्ट्रातल्या गावपातळीवरच्या बंदोबस्ताचा दोनशे वर्षांचा इतिहास याला साक्ष आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने नव्याने जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालीची रीत वर्णिली आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तो पुढच्या गावच्या हवाली करायचा. माग जिथे थांबे त्या गावावर चोरीचा भार येई. चोरी हे गावागावांतले देणे होते, तालुक्याने तिची बेरीज मांडण्याचे कारण नव्हते. 1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पाटलाला मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आणले आणि गुन्ह्याची वर्दी देणे त्याचे कर्तव्य ठरवले. पण वर्दी द्यायची की चावडीवरच मिटवायचे, हे पुष्कळदा वतनदार पाटलाच्या मनावर राही, आणि तो गावातल्या वजनदार घराण्यातला असे. महारवाड्यातल्या माणसाला झालेली मारहाण त्या वाटेने तालुक्यापर्यंत कितीदा पोहोचली असेल? 1962 च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि पोलीस पाटील हे नेमणुकीचे, मानधनाचे पद झाले. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्याची कर्तव्ये नव्याने ठरवली. वर्दीची वाट मात्र अजून त्याच्याच दारावरून जाते.

एकीकडे गुन्हे असे रजिस्टराबाहेर राहत होते, तर दुसरीकडे गुन्हा न करताच माणसे रजिस्टरात जात होती. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींतली माणसे जन्मानेच संशयित ठरली. हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. हजेरी चुकवणे हाच गुन्हा ठरवल्यावर त्या जमातींच्या नावापुढे गुन्हे वाढत जाणार, हे उघड आहे. ज्यावर पाळत त्याचे गुन्हे जास्त, आणि गुन्हे जास्त म्हणून पाळत, असे हे चक्र होते. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. पण घरफोडी झाली की आधी पालावर जायचे, ही तपासाची सवय कायद्याबरोबर गेली नाही.

यावर एक रास्त हरकत येईल. खून लपत नाही. प्रेत समोर असते. मग आकडे खोटे कसे? खुनापुरते हे मला मान्य आहे, तरी विहिरीत सापडलेल्या सुनेचा मृत्यू ‘अकस्मात मृत्यू’च्या रजिस्टरात जातो की खुनाच्या, हे पंचनामा कसा झाला त्यावर ठरते. मोटारसायकलच्या चोरीचा आकडाही बराचसा भरवशाचा, कारण विमा कंपनी गुन्ह्याची नोंद मागते. बाकीचे मात्र कायद्याबरोबर हलते. 1983 मध्ये दंडसंहितेत कलम 498-अ आले, त्याआधी सासरच्या छळाला स्वतंत्र शीर्षकच नव्हते. त्यानंतर आकडा चढला म्हणून छळ तेव्हा सुरू झाला असे कोण म्हणेल? गुन्हे रजिस्टराच्या ‘भाग 6’ मध्ये जाणारे दारूबंदीचे गुन्हे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी आली आणि 2021 मध्ये उठली. 2015 च्या 31 मार्चला जी विक्री परवान्याची होती ती दुसऱ्या दिवशी गुन्हा झाली. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये बजावले. एखाद्या ठाण्याने ते मनापासून पाळले तर तिथले गुन्हे वाढलेले दिसतील, आणि तो फौजदार शाबासकीचा धनी असेल.

उलट दिशेचे उदाहरण तंटामुक्त गाव मोहिमेचे. 2007 पासून तंटे आपसात मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळू लागली. बांधावरची कितीतरी भांडणे कोर्टाची पायरी न चढता संपली, हे चांगलेच झाले. पण मिटवण्याच्या बैठकीत कोण बोलले आणि कुणाला गप्प बसवले गेले, हे घटलेल्या आकड्यात शोधून सापडत नाही.

मग आकडे फेकून द्यायचे का? नाही, त्यांच्या शेजारची रजिस्टरेही वाचायची. ठाण्याचा दिवस बहुतेक समन्स-वॉरंट बजावण्यात, यात्रेच्या बंदोबस्तात, अपघाताच्या पंचनाम्यात, मुद्देमाल सांभाळण्यात आणि रात्रगस्तीत जातो. सणापूर्वी चॅप्टर केसेस, म्हणजे प्रतिबंधक कारवाया, होतात. अदखलपात्र तक्रारीत शिवीगाळ, धमकी, बांधावरून झालेली धक्काबुक्की नोंदली जाते आणि तक्रारदाराला कोर्टात जा म्हणून सांगितले जाते. एकाच घरातून, एकाच बांधावरून अशा तीन-चार तक्रारी ओळीने आल्या असतील, तर पुढच्या वर्षीची गंभीर मारहाण तिथे आधीच दिसू लागलेली असते. वर्षाअखेरच्या बातमीत या तक्रारींचा रकाना छापला जात नाही. तो मागण्याचा हक्क तालुक्यातल्या प्रत्येक वाचकाला आहे.