वारा गेला कुठे?

आमच्या गाडीचा वारा बंद पडला तो नेमका बोरघाटात, आषाढात आणि रात्री. यंत्रांना बंद पडण्याचा असा अचूक मुहूर्त कोण काढून देतो, हे एकदा एखाद्या पंचांगकर्त्याला विचारायला हवे. मी ब्लोअरचे बटण १ वर ठेवले, २ वर नेले, शेवटी थेट ४ वर नेऊन पिळले. वारा नाही, घरघर नाही, काही नाही.

आता उकाड्याचे एवढे काही नाही. मराठी माणूस घामाला भीत नाही. पण पाचच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. तीन माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर जाऊन बसत होती. पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे आधी दोन दिसत होते, मग एक दिसू लागला, मग नुसताच तांबूस ढग. एका बाजूला दरी आहे हे मला फक्त भूगोलाच्या ज्ञानावरून ठाऊक होते. सौ. मागून वाकून ओढणीने काच पुसत होती आणि "कुणी बोलू नका, बोललं की जास्त वाफ होते," असे स्वतः सारखे बोलत होती.

शेजारी बसलेले आमचे वडील, वय वर्षे ८४, शांतपणे म्हणाले, "काचा खाली कर."

काचा खाली केल्या. पाऊस आत आला, आम्ही भिजलो, पण समोरची काच निवळली आणि ढगाचे पुन्हा दोन दिवे झाले.

"आमच्या फियाटला त्रिकोण होता," वडील म्हणाले. "तुमच्या गाडीला सगळं आहे, त्रिकोण नाही."

ज्यांनी तो त्रिकोण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या दाराच्या काचेला लागून एक लहानशी तिकोनी काच असे. ती तिरकी केली की वारा थेट बुशकोटात शिरे. ना मोटर, ना वायर, ना फ्यूज. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३३च्या गाड्यांत ही युक्ती मोठ्या थाटात आणली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटलाही ती होती. १९७४ साली त्या गाडीचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, पण त्रिकोण तोच. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला, तेव्हा लोक काळ्या-पिवळ्या रंगासाठी हळहळले; वडील त्रिकोणासाठी.

खरे तर मोटारीत वारा आणणे हा प्रश्न सुरुवातीला नव्हताच. पहिल्या मोटारी उघड्या. वारा, धूळ, पाऊस, चिलटे, सगळे फुकट. १९२०च्या दशकात बंद मोटारींची चलती झाली आणि माणसाने आधी वारा बाहेर ठेवला, मग तो आत कसा आणावा याचे संशोधन सुरू केले. नॅश कंपनीने १९३८ साली 'वेदर आय' नावाची योजना काढली. बाहेरची हवा घ्यायची, गाळायची, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवायची आणि आत सोडायची. आजच्या गाडीतली व्यवस्था मुळात हीच.

पाठोपाठ पॅकार्डने १९४०च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून दिले. त्याचा पसारा एवढा की डिकीतली बरीच जागा त्यानेच खाल्ली. शिवाय ते पुरते बंद करायचे तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. म्हणजे थंडी वाजली तर आधी उन्हात उतरा! दोन-तीन वर्षांत तो थाट आटोपला.

वारा आत यायचा तर आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, ही गोष्ट चाळीत राहिलेल्या कुणालाही ठाऊक असते. मोटारवाल्यांनी ती रीतसर अमलात आणायला वेळ घेतला. इंग्लंडच्या फोर्डने १९६४च्या अखेरीस कॉर्टिना गाडीत पुढून हवा घेऊन मागच्या खांबातल्या जाळीतून बाहेर सोडायची सोय केली. पुढे हीच तऱ्हा सर्वत्र पसरली आणि त्रिकोणाचे दिवस भरले. वारा खिडकीतून उठून पंख्याच्या हाती गेला.

तर तो पंखा. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक वाचून स्वतःच दुरुस्तीला बसलो. फक्त ४वरच वारा येत असेल तर रेझिस्टर जळलेला; पंखा घरघरतो पण वारा नाही, तर फिल्टर तुंबलेला; काहीच नाही तर आधी फ्यूज पाहा. पाहिला, जळालेला. नवा घातला, तोही गेला. तेव्हा जास्त अँपिअरचा दणकट फ्यूज घालावा अशी थोर कल्पना मला सुचली आणि तो आणायला मी कोपऱ्यावरच्या मेस्त्रींकडे गेलो.

"साहेब," मेस्त्री म्हणाले, "फ्यूज मरतो तो वायर वाचावी म्हणून. तुम्ही त्यालाच अमर केलात तर गाडी पेटेल."

मी खजील झालो. मेस्त्रींचा पोरगा डाव्या सीटपुढे डॅशबोर्डखाली उलटा शिरला, चार स्क्रू काढले आणि पंखा हातात घेऊन बाहेर आला. मोटर धडधाकट होती, पण चाक फिरेल कसे? त्यात उंदराचे सुनी पडलेले घरटे होते. अडकलेली मोटर जोर लावून जास्त करंट ओढणार, आणि फ्यूज जीव देणार. घरट्यात पिंपळाची पाने होती, टोलच्या पावतीचे कपटे होते आणि भरपूर तपकिरी लोकर होती.

लोकर मी ओळखली. गेल्या थंडीत वडिलांचा मफलर हरवला होता. तो सुनेने बोहारणीला दिला, असे वडिलांचे ठाम मत होते आणि त्यावरून घरात सहा महिने वारा बंद होता.

पंखा झाडून बसवला, फ्यूज घातला. बटण १वर ठेवताच भस्सकन वारा आला. लोकर मी कागदात बांधून घरी नेली आणि वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, चहा टाकतेस का? दोन कप टाक. एक तुलाही."