तोडून दिलेला मुलूख

मध्ययुगातील राजसत्तेपुढे एक अडचण नित्य उभी असे. फौज बारमाही हवी, परंतु तिचा पगार रोख चुकता करण्याइतके नाणे खजिन्यात नसे. आणि धान्यरूपाने जमलेला सारा शेकडो कोस वाहून राजधानीस आणणे त्याहूनही दुर्घट असे. या अडचणीवर उपाय म्हणून दिल्लीच्या सुलतानांनी, विशेषतः इल्तुतमिशाच्या कारकीर्दीपासून, इक्त्याची पद्धत दृढ केली. सरदारास अमुक मुलुखाचा वसूल तोडून द्यावा, त्यातून त्याने आपला निर्वाह करून ठरलेली फौज बाळगावी आणि शिल्लक सरकारात भरावी, असा हा व्यवहार होता. त्यात जमीन सरदाराच्या मालकीची होत नसे. मिळे तो केवळ वसुलाचा अधिकार, आणि तोही सुलतानाची मर्जी असेपर्यंत.

या पद्धतीच्या विनाशाचे बीज तिच्या रचनेतच होते. सरदाराची वारंवार बदली करावी, तर उद्या हातून जाणाऱ्या मुलुखात विहिरी खोदण्याची, तगाई देण्याची वा पडीक जमीन लागवडीस आणण्याची आस्था त्याला राहत नसे, आणि रयत भरडली जाई. बदली न करावी, तर त्याची मुळे त्या भूमीत रुजत, देशमुख-पाटलांशी त्याचे हितसंबंध जुळत आणि दुसऱ्या पिढीत तो मुलूख त्याला आपल्या वडिलांचा वाटू लागे. अलाउद्दीन खिलजीने ही गाठ तोडण्यासाठी दुआबातील मोठा प्रदेश खालसा केला आणि शिपायांस रोख वेतन दिले. फिरोजशाह तुघलकाने मात्र सरदारांचा असंतोष टाळण्यासाठी बापामागे मुलास, मुलगा नसल्यास जावयास, इक्ता चालविण्याचा प्रघात पाडला. त्याच्या हयातीत शांतता नांदली. पण 1388 साली तो निवर्तल्यावर अवघ्या दहा वर्षांत तैमूर दिल्लीच्या वेशीवर आला, तेव्हा त्याला अडविण्यास समर्थ अशी मध्यवर्ती सत्ता उरलीच नव्हती.

दक्षिणेत हाच प्रश्न बहामनी राज्यापुढे उभा राहिला, आणि तो सोडविण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न त्या राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गावान याने केला. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण या चार तरफांचे तरफदार आपापल्या प्रांतात जवळजवळ राजेच झाले होते. गावानने प्रत्येक तरफेचे दोन भाग करून आठ प्रांत पाडले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार बसविले, प्रत्येक प्रांतातील काही महाल खालसा केले आणि जमिनीची मोजणी आरंभिली. पाचशे शिपायांच्या सरदाराची नेमणूक एक लक्ष होनांवरून सव्वा लक्ष होनांवर नेताना त्याने अशी शर्त घातली की, हजिरीत जितके शिपाई कमी भरतील तितक्यांचा पैसा कापला जावा. सरदारास अधिक द्यावे, पण दिल्याचा चोख हिशेब घ्यावा, हे त्याच्या धोरणाचे मर्म होते.

हा हिशेबच त्याच्या जिवावर उठला. ज्यांचे प्रांत निम्मे झाले त्यांत तेलंगणचा मलिक हसन निजाम-उल्-मुल्क प्रमुख होता. गावानच्या शिक्क्याचे बनावट पत्र, ओरिसाच्या राजास स्वारीचे निमंत्रण दिल्याच्या मजकुराचे, सुलतान तिसऱ्या मुहम्मदापुढे ठेवण्यात आले, आणि 1481 च्या एप्रिलमध्ये त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी सुलतानही वारला. 1490 च्या सुमारास गाविलगडाकडे इमादशाही, विजापुरास आदिलशाही आणि जुन्नरच्या प्रांतात निजामशाही उभी राहिली. या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा त्या मलिक हसनाचाच पुत्र होता. प्रांत लहान केले म्हणून बंडखोरी थांबली नाही, कारण त्यांवर देखरेख ठेवणारा पुरुष आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे सिंहासन ही दोन्ही नाहीशी झाली होती.

शिवाजी महाराजांनी लष्करास गावांचे मोकासे न देता खजिन्यातून वेतन देण्याचा कटाक्ष का बाळगला, हे या परंपरेच्या प्रकाशात स्पष्ट होते. परंतु औरंगजेबाशी झुंजताना राजाराम महाराज जिंजीस गेले, खजिना रिकामा झाला, शत्रू मराठे सरदारांस मनसबींचे आमिष दाखवू लागला, आणि स्वराज्य तगविण्यासाठी वतने व सरंजाम देण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. त्या आपत्काळात महाराष्ट्राचा कारभार वाहणारे रामचंद्रपंत अमात्य यांनीच पुढे आज्ञापत्रात, नव्या वृत्ती आणि इनामे देऊन राज्याची भूमी कमी करू नये, असे परोपरीने बजावले. हे बजावणारा पुरुष स्वतः त्या निकडीतून गेला होता, म्हणून त्याच्या इशाऱ्याचे मोल मोठे आहे. संकटसमयी दिलेली जमीन संकट सरल्यावर परत घेता येत नाही. यास्तव राज्याचे खरे रक्षण सुबत्तेच्या काळात, मोजणी, हजिरी आणि भरलेला खजिना यांच्या नीरस पण अखंड परिश्रमानेच होत असते.